बहुवाहक बिनतारी संदेशवहनातील वारंवारतेची तफावत आणि तिचे निवारण

प्रस्तावना

बिनतारी संदेशवहनात आज सर्वाधिक रूढ असलेली पद्धत म्हणजे बहुवाहक पद्धत. घरोघरचे वाय-फाय, एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात भारतात पहिल्यांदा सुरू झालेली फोर-जी सेवा, १ ऑक्टोबर २०२२ रोजी आरंभ झालेली फाइव्ह-जी सेवा आणि आकाशवाणीचे डीआरएम या डिजिटल पद्धतीचे प्रक्षेपण, या सर्वांच्या मुळाशी हीच पद्धत आहे. अभियांत्रिकीच्या परिभाषेत तिला ऑर्थोगोनल फ्रिक्वेन्सी डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग, संक्षेपाने ओएफडीएम, असे म्हणतात. तिचे गुण पाठ्यपुस्तकांत विस्ताराने सांगितलेले असतात. तिच्या एका नाजूक दोषाचा परिचय मात्र बहुतेकांना पदव्युत्तर वर्गात किंवा प्रकल्पाचा विषय शोधतानाच होतो. पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची वारंवारता तंतोतंत जुळली नाही, तर एका उपवाहकाचा मजकूर शेजारच्या उपवाहकांत सांडतो, हा तो दोष होय.

या विषयाला पुस्तकी प्रश्नाच्या पलीकडचे महत्त्व आहे. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५ मेगाहर्ट्झ वारंवारता देण्यास मान्यता दिली. गाडीचा चालक, गार्ड, स्थानक आणि नियंत्रण कक्ष यांच्यातील संभाषण व सुरक्षेची यंत्रणा त्यावर चालावी, असा हेतू त्यामागे होता आणि त्यासाठी निवडलेले तंत्र बहुवाहक आहे. रेल्वेगाडी स्थिर नसते आणि वेगामुळे वारंवारता सरकते. तेव्हा या पाच मेगाहर्ट्झपैकी किती भाग या दोषापायी आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या उपायापायी खर्ची पडतो, हे पाहणे अगत्याचे ठरते. उपाय अनेक सुचवले गेले आहेत. त्यांतील कोणता कोठे वापरावा याचा विवेक मात्र अनेकदा हरवतो.

प्रारंभी परिभाषेविषयी दोन शब्द. 'फ्रिक्वेन्सी'ला मराठीत वारंवारता, हिंदीत आवृत्ति आणि उर्दूत तअद्दुद म्हणतात. 'तअद्दुद'मध्ये अनेकत्वाचा अर्थ प्रमुख आहे, तर 'वारंवारता' या शब्दात पुन्हा पुन्हा घडण्याचा. प्रस्तुत विषयात लहर किती वेळा फिरून पहिल्या जागी येते हेच मोजायचे असल्याने मराठी शब्द येथे अधिक नेमका बसतो.

बहुवाहक पद्धतीचे मर्म

एकाच वाहक लहरीवर अतिशय वेगाने माहिती पाठवली की इमारती, डोंगर, पत्र्याची छपरे यांवरून परावर्तित होऊन उशिरा पोचणारे प्रतिध्वनी पुढच्या चिन्हात मिसळतात. यावर तोड अशी निघाली की माहितीचा एक वेगवान प्रवाह शेकडो संथ प्रवाहांत वाटावा आणि प्रत्येकाला स्वतंत्र उपवाहक द्यावा. प्रत्येक चिन्ह लांबते आणि प्रतिध्वनीचा उपद्रव त्या मानाने किरकोळ होतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट चँग यांनी १९६६ साली ही कल्पना शास्त्रशुद्ध रूपात मांडली. शेकडो उपवाहकांसाठी शेकडो यंत्रे जोडणे तेव्हा व्यवहार्य नव्हते. १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी फूरिए गणिताची जलद रीत प्रसिद्ध केली, १९७१ मध्ये वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी फूरिए गणितानेच सर्व उपवाहक एकदम निर्माण करता येतात हे दाखवले आणि १९८० मध्ये पेलेड व रुईझ यांनी चिन्हाच्या शेवटाची नक्कल त्याच्या आरंभी जोडण्याची युक्ती सुचवली. या नकलेला चक्रीय उपसर्ग म्हणतात. प्रतिध्वनी तिच्यात जिरतात. तिचा दुसरा एक उपयोग पुढे येणारच आहे.

जुन्या रेडिओ पद्धतीत दोन केंद्रांच्या वारंवारतांमध्ये मोकळी जागा सोडावी लागे. येथे उपवाहक इतके दाटीने बसवलेले असतात की त्यांचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात आणि तरीही ते वेगळे ओळखता येतात. हे कसे घडते, हे तेलघाण्याच्या बैलावरून समजेल. ग्राहक यंत्र ठराविक काळाची एक खिडकी उघडते. त्या काळात पहिला उपवाहक एक पूर्ण फेरी मारतो, दुसरा दोन, तिसरा तीन. ग्राहकाला पाचवा उपवाहक हवा असेल तर तो सर्वांच्या पाच-पाच फेऱ्या उलट्या उलगडतो. पाचवा बैल आता वळत नाही, सरळ चालतो आणि त्याची सारी पावले एकाच दिशेने जमा होतात. सहाव्याची एक फेरी उरते, सातव्याच्या दोन. ज्याची फेरी पूर्ण झाली त्याने पूर्वेकडे टाकलेली पावले पश्चिमेकडे टाकलेल्या पावलांनी फिटतात. तो निघाला तेथेच परत येतो आणि त्याची बेरीज शून्य होते. म्हणून पाचव्याच्या हिशेबात इतर कोणीही दिसत नाही. या गुणाला परस्परलंबता म्हणतात. सारी मदार 'पूर्ण फेरी'वर आहे.

तफावतीने होणारे नुकसान

आता ग्राहकाचे घड्याळ पाठवणाऱ्याच्या घड्याळाशी किंचित जुळत नाही असे समजावे. प्रत्येक बैल खिडकीच्या शेवटी पूर्ण फेरीऐवजी एक दशांश फेरी पुढे जाऊन थांबतो. त्याची पावले फिटत नाहीत. जे उरते ते दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. सरळ चालायला हवा होता तो बैलही किंचित वळत चालतो, त्यामुळे त्याची स्वतःची जमा घटते. शिवाय चिन्हामागून चिन्ह त्याची दिशा ठराविक कोनाने फिरत राहते. असे हे तिहेरी नुकसान आहे. यातील शेवटचे सोपे, कारण सर्व उपवाहक सारखेच फिरतात. खरा जाच पहिल्याचा, ज्याला उपवाहकांतील परस्पर व्यत्यय म्हणतात.

हा व्यत्यय किती, याचे गणित स्पष्ट आहे. दोन उपवाहकांमधील अंतराच्या ५ टक्के तफावत असेल तर सुमारे ०.८ टक्के शक्ती गळते. तफावत १० टक्के झाली की गळती ३.२ टक्क्यांच्या घरात जाते, २० टक्क्यांना ती १२.५ टक्के होते आणि तफावत बरोबर निम्मी झाली तर स्वतःच्या जागी अवघी ४० टक्के शक्ती उरते. त्या वेळी शेजारच्या एका उपवाहकात तेवढीच शक्ती पोचलेली असते, म्हणजे हा मजकूर कोणाचा हे सांगणेच अशक्य होते. तफावत लहान असताना गळती तिच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. तफावत निम्मी केली की गळती चौथाई होते. उपायांचा विचार करताना हा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

एक-दोन टक्के गळती ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु प्रत्येक उपवाहक आपला मजकूर बिंदूंच्या जाळीतील एका बिंदूच्या रूपाने नेतो. जाळीत चार बिंदू असतील तर ते दूर दूर असतात आणि थोडी गळती खपून जाते. ६४ बिंदूंच्या जाळीत ते जवळ येतात. वाय-फायच्या २०२१ साली संमत झालेल्या प्रमाणकात तर १०२४ बिंदूंची जाळी आहे. तेथे एक टक्का गळतीही बिंदू ओळखू देत नाही. व्यत्ययाचा विशेष असा की पाठवण्याची शक्ती वाढवून तो दबत नाही. शक्ती दुप्पट केली की गळतीही दुप्पट होते.

एकाच वाहकाच्या जुन्या पद्धतीत हा त्रास एवढा नव्हता. १९९५ मध्ये बेल्जियममधील पोलेट, व्हॅन ब्लाडेल आणि मोनेक्ले यांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली आणि बहुवाहक पद्धत वारंवारतेच्या तफावतीला कित्येक पटींनी अधिक हळवी असल्याचे सिद्ध केले. दूरध्वनीच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडमध्येही बहुवाहक पद्धतच वापरली जाते, पण तेथे लहर उंच वारंवारतेवर चढवण्याचा प्रश्नच नसल्याने या प्रकारची तफावत उद्भवत नाही. हे दुखणे बिनतारीचे आहे.

तफावत येते कोठून

तिची उगमस्थाने दोन. पहिले म्हणजे यंत्रातील क्वार्ट्झचा स्फटिक, जो सर्व वारंवारतांचा आधार असतो. वाय-फायच्या १९९९ सालच्या ५ गिगाहर्ट्झ प्रमाणकाने प्रत्येक यंत्राला लाखात दोन एवढी चूक माफ केली. इतकी चूक करणारे हातातले घड्याळ महिन्याला सुमारे ५२ सेकंद मागेपुढे जाईल आणि कोणीही त्याला वाईट घड्याळ म्हणणार नाही. परंतु ५.२ गिगाहर्ट्झवर हीच चूक १०४ किलोहर्ट्झ होते. एक यंत्र पुढे आणि दुसरे मागे असेल तर २०८ किलोहर्ट्झ. त्या प्रमाणकात उपवाहकांमधील अंतर ३१२.५ किलोहर्ट्झ आहे, म्हणजे तफावत दोन तृतीयांश होऊ शकते. आकाशवाणीच्या डीआरएमची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्या पद्धतीच्या एका रचनेत उपवाहकांमधील अंतर जेमतेम ४२ हर्ट्झ असते. एक मेगाहर्ट्झच्या मध्यम लहरीवर लाखात दोनची चूक म्हणजे २० हर्ट्झ, म्हणजे जवळजवळ निम्मे अंतर.

दुसरे उगमस्थान वेग. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेला सिद्धान्त १८४५ मध्ये हॉलंडमधील उट्रेख्टजवळ बाइस बॅलट यांनी आगगाडीवर वादक बसवून ध्वनीच्या बाबतीत पडताळून पाहिला. जवळ येणाऱ्या गाडीतील सूर चढा ऐकू येतो आणि दूर जाणाऱ्या गाडीतील उतरलेला. रेडिओ लहरींनाही हेच लागू पडते, मात्र प्रकाशाच्या वेगापुढे गाडीचा वेग नगण्य असल्याने बदल बेताचा असतो. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या गाडीत २.३ गिगाहर्ट्झवर तो सुमारे २५६ हर्ट्झ भरतो. फोर-जीमध्ये उपवाहकांचे अंतर १५ किलोहर्ट्झ, म्हणजे ही तफावत पावणेदोन टक्क्यांच्या आत आली.

या दोन उगमांतील भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. स्फटिकाची चूक संथपणे बदलते. एका संदेशाच्या अवधीत ती स्थिरच मानता येते. वेगाची चूक बदलती असते, आणि अनेक प्रतिध्वनी वेगवेगळ्या दिशांनी येत असतील तर एकाच क्षणी अनेक चुका एकत्र असतात. जे स्थिर आहे ते मोजता येते. जे एकच नाही त्याला एकाच आकड्याने दुरुस्त करता येत नाही.

मोजा आणि उलट फिरवा

ग्वाल्हेर किंवा बडोद्याच्या मैफलीत बसणाऱ्यांना दोन तानपुरे किंचित बेसूर असताना ऐकू येणारे हेलकावे परिचित असतात. हेलकावे जितके जलद, तितकी तफावत मोठी. हेलकावे मोजून तार जुळवणारा वादक जे करतो तेच ग्राहक यंत्र करते. अमेरिकेतील मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयातील पॉल मूस यांनी १९९४ मध्ये सुचवलेली रीत अशी. पाठवणाऱ्याने एक चिन्ह जसेच्या तसे दोनदा पाठवावे. तफावत नसेल तर दुसरी प्रत पहिलीसारखीच दिसेल. तफावत असेल तर दुसऱ्या प्रतीतील प्रत्येक नमुना पहिलीतील त्याच्या जोडीदाराच्या मानाने एकाच कोनाने फिरलेला आढळेल. सर्व जोड्यांमधील कोनाची सरासरी घेतली की तफावत हाती येते. पाठवलेला मजकूर काय होता, वाटेत कोणते प्रतिध्वनी मिसळले, हे ठाऊक असण्याचीही गरज नाही, कारण ते दोन्ही प्रतींत सारखेच असते. रीतीचे सौंदर्य यातच आहे.

मर्यादा एकच. कोन १८० अंशांपलीकडे गेला की तो पुढे गेला की मागे राहिला हे कळत नाही. भिंतीवरचे घड्याळ दहा तास पुढे आहे की दोन तास मागे, हे नुसत्या काट्यावरून सांगता येत नाही, तसेच हे. म्हणून मूस यांच्या रीतीने अर्ध्या अंतरापर्यंतचीच तफावत मोजता येते. प्रत जितकी आखूड, तितकी मर्यादा रुंद. वाय-फायच्या प्रमाणकाने हाच मार्ग धरला. प्रत्येक संदेशाच्या आरंभी ०.८ मायक्रोसेकंदाचा एक आखूड तुकडा दहा वेळा येतो. त्यावरून ६२५ किलोहर्ट्झपर्यंतची तफावत ढोबळमानाने कळते आणि २०८ किलोहर्ट्झ त्यात सहज सामावतात. त्यानंतर ३.२ मायक्रोसेकंदाचा लांब तुकडा दोनदा येतो आणि उरलेली तफावत बारकाईने मोजली जाते. हा सारा खटाटोप १६ मायक्रोसेकंदांत आटोपतो. त्याच तुकड्यांवरून वेळही जुळवली जाते आणि प्रतिध्वनींचा अंदाजही घेतला जातो, म्हणजे खर्च केवळ तफावतीच्या नावावर मांडणेही न्याय्य नाही. १९९७ मध्ये स्टॅनफर्ड येथील श्मिडल आणि कॉक्स यांनी एकाच चिन्हाचे दोन अर्ध सारखे करून आणि पुढील चिन्हाची जोड देऊन कितीही मोठी तफावत शोधण्याची रीत दिली. त्याच वर्षी स्वीडनमधील व्हॅन डी बीक, सँडेल आणि ब्योर्येसन यांनी तर स्वतंत्र तुकड्याचीही गरज ठेवली नाही. चक्रीय उपसर्ग ही चिन्हाच्या शेवटाची नक्कलच असते, मग तिचीच मूळ भागाशी तुलना का करू नये, हा त्यांचा युक्तिवाद. जे प्रतिध्वनींसाठी आधीच खर्चिले आहे त्यातून तफावतही फुकट मोजली जाते.

मोजून झाल्यावर दुरुस्ती अगदी साधी. येणारा प्रत्येक नमुना तेवढ्याच गतीने उलट दिशेला फिरवायचा आणि मगच फूरिए गणिताकडे सोपवायचा. क्रम येथे महत्त्वाचा आहे. फूरिए गणितानंतर गळती सर्व उपवाहकांत पसरलेली असते आणि तिला वेचून काढणे महाग पडते. त्यानंतरही जी सूक्ष्म चूक उरते तिच्यामुळे सर्व उपवाहकांचे बिंदू सावकाश फिरत राहतात. त्यावर पाळत ठेवण्यासाठी काही ठरलेल्या उपवाहकांवर आधीच ठाऊक असलेला मजकूर पाठवतात. वाय-फायच्या त्या प्रमाणकात ५२ पैकी ४ उपवाहक असे पहारेकरी आहेत.

किती अचूक मोजता येते, याचे उत्तर मूस यांच्या सूत्रात आहे. संदेश गोंगाटापेक्षा शंभर पट बलवान असेल आणि ६४ नमुन्यांची तुलना केली असेल, तर सर्वसाधारण चूक उपवाहक-अंतराच्या ०.२ टक्के उरते. तिच्यामुळे होणारी गळती एक लाखात सुमारे सव्वा भाग. १०२४ बिंदूंच्या जाळीलाही ती जाणवू नये.

स्व-निरसन आणि त्याची किंमत

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे व्यत्ययाचे स्व-निरसन. हेलसिंकी येथील युपिंग झाओ आणि स्वेन-गुस्ताव हेगमन यांनी २००१ मध्ये तो तपशिलाने मांडला. एकच मजकूर शेजारच्या दोन उपवाहकांवर पाठवायचा, एकावर आहे तसा आणि दुसऱ्यावर उलट चिन्हाने. या दोघांकडून दूरच्या एखाद्या उपवाहकात होणारी गळती जवळजवळ सारखी असते, आणि चिन्हे उलट असल्याने ती एकमेकींना खोडते. ग्राहकही जोडीची वजाबाकी करतो, त्यामुळे गळती आणखी एकदा खोडली जाते. व्यत्यय १५ डेसिबेलने, म्हणजे सुमारे तीस पटींनी घटतो. तफावत मोजावी लागत नाही, यंत्रात मोठा बदल करावा लागत नाही आणि संगणकावर हे सारे शे-दोनशे ओळींत करून दाखवता येते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रकल्पांत आणि लहानमोठ्या नियतकालिकांत हा विषय पुन्हा पुन्हा येत राहिला, याचे कारण बहुधा हेच असावे.

किंमत मात्र जबर आहे. दोन उपवाहकांवर एकच मजकूर गेल्याने वेग निम्मा होतो. जाळीतील बिंदू वाढवून वेग भरून काढता येतो असे म्हणतात, पण मग बिंदू जवळ येतात आणि ज्या गळतीपासून सुटका हवी होती तिलाच ते अधिक हळवे होतात. याहून मोठा आक्षेप तुलनेच्या पद्धतीवर घ्यावा लागतो. अशा बहुतेक प्रकल्पांत तफावत स्थिर धरलेली असते आणि ती मोजण्याचा प्रयत्नच केलेला नसतो. तेथे स्व-निरसन केलेली पद्धत काहीच न केलेल्या पद्धतीहून सरस ठरणारच. परंतु जी तफावत स्थिर आहे ती तर अत्यल्प खर्चात मोजून नाहीशी करता येते. २० टक्के स्थिर तफावतीत स्व-निरसनाने १२.५ टक्के गळती सुमारे ०.४ टक्क्यांवर येते आणि वेग निम्मा जातो. मोजून उलट फिरवल्यास ती लाखात एक-दोन भागांवर येते आणि वेग जवळपास शाबूत राहतो. खरी तुलना मोजमापानंतर उरलेल्या तफावतीवर व्हायला हवी. वाय-फाय आणि फोर-जी या दोन्हींच्या प्रमाणकांनी मोजमापाचा रस्ता धरला तो उगाच नव्हे.

रेल्वेच्या पाच मेगाहर्ट्झला हाच हिशेब लावून पाहावा. ताशी १६० किलोमीटर वेगाच्या गाडीत ७०० मेगाहर्ट्झवर वेगामुळे होणारा बदल सुमारे १०४ हर्ट्झ आहे. गाडीतील यंत्र मनोऱ्याच्या सरकलेल्या वारंवारतेलाच प्रमाण मानून उत्तर पाठवते, म्हणून मनोऱ्याला तो दुप्पट, २०७ हर्ट्झ दिसतो. उपवाहकांचे अंतर १५ किलोहर्ट्झ असल्याने तफावत १.४ टक्के आणि गळती ०.०६ टक्के. एवढ्यासाठी पाचाचे अडीच मेगाहर्ट्झ करणे म्हणजे उंदरासाठी घर जाळणे होईल. कमी वारंवारतेचा पट्टा लांबवर पोचतो म्हणून मौल्यवान मानला जातो. वेगाचा त्रास त्यात कमी होतो हा त्याचा दुसरा लाभ.

मनोऱ्याकडे येणारे अनेक सूर

वरील सर्व विवेचनात पाठवणारा एक आणि घेणारा एक होता. मोबाइलच्या मनोऱ्याकडे मात्र एकाच वेळी अनेक फोन आपापल्या उपवाहकांवर बोलत असतात आणि प्रत्येकाची तफावत निराळी असते. मनोऱ्याने एका फोनसाठी नमुने उलट फिरवले की दुसऱ्याचे बिघडतात. म्हणून शिस्त फोनकडेच सोपवली आहे. फोर-जीच्या प्रमाणकानुसार फोनने मनोऱ्याचा सूर ऐकून आपला सूर त्याच्याशी एक कोटीत एक भागापर्यंत जुळवलेला असावा लागतो, आणि मोठ्या क्षेत्राच्या मनोऱ्याला स्वतःचा सूर दोन कोटींत एक भागापर्यंत सांभाळावा लागतो. फोनमधला स्वस्त स्फटिक एकटा एवढा अचूक कधीच नसतो. मनोऱ्याचे सतत ऐकत राहिल्यानेच त्याला ते साधते. वाय-फायनेही २०२१ च्या प्रमाणकात अनेकांना एकदम बोलू दिले तेव्हा हीच शिस्त स्वीकारली.

जेथे एक आकडा पुरत नाही

मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेमार्ग बडोद्यावरून जातो आणि त्यावरील गाडीचा वेग ताशी ३२० किलोमीटर ठरवलेला आहे. २.१ गिगाहर्ट्झवर या वेगाने होणारा बदल ६२२ हर्ट्झ, आणि मनोऱ्याला दुप्पट म्हणजे १२४४ हर्ट्झ. दुरुस्ती न केल्यास सव्वादोन टक्क्यांच्या आसपास गळती होईल. एवढ्याने भागत नाही. मनोरा रुळांच्या अगदी जवळ असेल तर गाडी त्याच्यासमोरून जाताना ही तफावत काही क्षणांत अधिकाची उणे होते, आणि यंत्राने नुकतेच केलेले मोजमाप कालबाह्य ठरते.

अशा मार्गांवर वारंवार मनोरा बदलावा लागू नये म्हणून रुळांकडेच्या अनेक अँटेना एकाच मनोऱ्याच्या नावाने एकच मजकूर पाठवतात. गाडीतील फोनला पुढच्या अँटेनाची लहर ६२२ हर्ट्झ चढी आणि मागच्या अँटेनाची तेवढीच उतरलेली मिळते. कोणत्याही एका दिशेने फिरवले तरी एक सुधारते आणि दुसरी बिघडते. मोजून उलट फिरवण्याची रीत येथे थकते. पुढच्या आणि मागच्या अँटेनांनी आपापली वारंवारता गाडीच्या वेगानुसार आधीच सरकवून पाठवावी, अशी सोय फाइव्ह-जीच्या २०२२ मधील सतराव्या आवृत्तीत केली गेली. अन्यथा उपवाहकांतील गळतीचे समीकरण मांडून ते सोडवावे लागते, आणि स्व-निरसनाचा दावा खऱ्या अर्थाने विचारात घ्यावा लागतो तोही अशाच ठिकाणी.

तिसरा मार्ग उपवाहकांमधील अंतरच वाढवण्याचा. फाइव्ह-जीने १५, ३०, ६० आणि १२० किलोहर्ट्झ असे पर्याय ठेवले. २६ गिगाहर्ट्झवर ताशी १०० किलोमीटर वेगाने बदल २४०० हर्ट्झ होतो. १५ किलोहर्ट्झच्या अंतरात तो १६ टक्के भरला असता, १२० किलोहर्ट्झच्या अंतरात तो दोन टक्क्यांवर येतो. मात्र अंतर दुप्पट केले की चिन्ह निम्मे होते आणि त्याबरोबर चक्रीय उपसर्गही. १५ किलोहर्ट्झला उपसर्ग ४.७ मायक्रोसेकंदांचा असतो, सुमारे १.४ किलोमीटर जादा वाट चालून आलेला प्रतिध्वनी तो सोसतो. ३० किलोहर्ट्झला ही वाट ७०० मीटरवर येते. सपाट माळरानावर एखादे वेळी याचे काही वाटणार नाही, सह्याद्रीच्या घाटात समोरच्या कड्यावरून परतणारी लहर मात्र एवढ्यात मावेलच असे नाही.

याहून बिकट प्रसंग उपग्रहांचा. पृथ्वीपासून ६०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावतो. २ गिगाहर्ट्झवर त्यामुळे होणारा बदल ४८ किलोहर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे १५ किलोहर्ट्झच्या हिशेबाने तीन उपवाहक ओलांडून पुढे. तरीही हा प्रश्न रुळांवरच्या गाडीपेक्षा एका अर्थी सोपा आहे, कारण उपग्रहाची वाट आधीच ठाऊक असते. त्याच सतराव्या आवृत्तीत अशी योजना आहे की उपग्रहाने आपले स्थान व वेग प्रसारित करावा, फोनने स्वतःचे स्थान जीपीएससारख्या यंत्रणेवरून जाणून घ्यावे, दोहोंवरून तफावत काढावी आणि तोंडातून पहिला शब्द बाहेर पडण्यापूर्वीच आपला सूर तेवढा उलट सरकवून ठेवावा.